पूर्वेच्या खिडकीतील घडा

९ मार्च १९९४, बुधवार. जळगाव.

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. तंत्रनिकेतनात असताना कामाची नोंद ठेवीत असे, परंतु ती शासकीय होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी सुचवले की झोप लागत नसल्यास दिवसभरात घडलेले लिहून काढावे. झोप लागत नाही असे मी त्यांना सांगितले नव्हते. माझी मुलगी रंजना हिने नाशिकहून कळवले असावे.

आज घडले ते असे. नव्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातील वाचनकक्षाच्या अंतर्गत रचनेसाठी मानद सल्लागार म्हणून मी रुजू झालो. इमारतीचा सांगाडा पूर्ण आहे. आतील काम बाकी आहे. कक्ष बंदिस्त करून वातानुकूलित करावा, असा एक विचार समितीत आहे. वीज कमी लागेल, साहित्य याच मुलखातील असेल आणि उन्हाळ्यात बसता येईल अशी रचना शक्य असल्यास ती मी सिद्ध करून दाखवावी, असे मला सांगण्यात आले. त्यासाठी कक्षाचा एक भाग पूर्ण करून द्यायचा आहे. मे महिन्यात भर दुपारी समिती तेथे बैठक घेईल. समितीला तेथे बसवता आले, तर संपूर्ण ग्रंथालय माझ्या पद्धतीने होईल. न आले, तर खिडक्यांना कायमच्या काचा लागतील.

जिल्हापेठेत एक खोली घेतली आहे. धुळ्यात देवपुरातील घराला कुलूप लावून किल्ली सोबत आणली आहे. रंजनाची आई कार्तिकात वारली. त्याविषयी लिहिण्याजोगे विशेष काही नाही.

१४ मार्च, सोमवार.

विद्यापीठाचे अभियंता श्री. वाल्मीक सोनवणे यांच्याबरोबर कक्ष पाहिला. गृहस्थ कार्यक्षम आहेत, बोलतात अधिक. माझ्या कल्पनेवर त्यांचा विश्वास नाही, परंतु तसे ते हसत सांगतात.

"सर, पोरं आजकाल ग्रंथालयात गारव्याला येतात. पुस्तक हातात असतं ते रखवालदाराला दाखवायला."

"गारवा मिळाल्यास पुस्तकही उघडले जाईल," मी म्हणालो.

"मिळाल्यास!" ते म्हणाले. "या माळावर मे महिन्यात कावळासुद्धा सावली बघून उडतो."

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. तिला आतून पुस्तकांची बंद कपाटे लावावीत, म्हणजे कागदाचा थर उष्णता अडवील. छताखाली पऱ्हाटीच्या ताट्या हवेची पोकळी ठेवून बसवाव्यात आणि आगीच्या भयाने त्यांवर चुन्याचा गिलावा करावा. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडे, शेतात जाळतात किंवा चुलीत घालतात. ती येथे हवी तितकी मिळते. टेबलांसाठी अमळनेरकडील एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचे सागवानी वासे पाहून ठेवले आहेत. प्लायवूड आणि सनमायका वापरणार नाही.

संध्याकाळी खोलीवर आलो. जेवलो.

२ एप्रिल, शनिवार.

कामास वेग आला आहे. छेदचित्र पूर्ण करून सोनवणे यांना दाखवले. पूर्वेच्या खिडक्यांखाली मी बसण्यासाठी ओटा योजला आहे. रुंदी दीड हात.

"दीड हातच का, सर? बाकावर बसायला एक हात पुष्कळ झाला."

एक पाय दुमडून बसलेली व्यक्ती आणि तिच्या शेजारी एक सूप मावावे, असे मी म्हणालो.

"सूप?"

"वही. वही म्हणायचे होते."

त्यांनी चित्र पुन्हा जवळ घेतले. मापाच्या अंदाजासाठी अशा चित्रात एक मनुष्याकृती काढण्याची प्रथा आहे. "सर, ही आकृती बाईची आहे. डोक्यावर पदरसुद्धा आहे."

विद्यापीठात विद्यार्थिनीही असणार, असे उत्तर मी दिले. त्यांनी वाद घातला नाही. का कोण जाणे, चहा मागवला.

१९ एप्रिल, मंगळवार.

आजपासून चुन्याची सफेदी सुरू झाली. काम करणाऱ्या बायकांची प्रमुख केसरबाई मूळची अमळनेरकडची आहे. तोंडाने फटकळ, हात स्वच्छ. चुन्यात किंचित नीळ घालण्याची सूचना मी दिली. त्यामुळे दुपारचा उजेड डोळ्यांना बोचत नाही.

केसरबाईने बादलीत काठी फिरवली आणि म्हणाली, "साहेब, कचेरीमा कोनी नीळ टाकत नही. ही ते घरनी नीळ शे."

नीळ ही नीळच असते, असे मी सांगितले.

"तसं नही. कचेरीना चुना मानूस लावस. घरना चुना बाई लावस. मंग ती नीळ टाकस."

बाकीच्या हसल्या. त्यानंतर तिने पूर्वेच्या ओट्यावर बसून पाहिले, पाय दुमडला आणि जाहीर केले, "आठे बसीसन मस्त दाय निवडता ई." ओटा डाळ निवडण्यासाठी नव्हे, वाचनासाठी असल्याचे मी तिला सांगितले. तिने मान डोलावली, पण उठण्यास वेळ घेतला.

आमच्या घरी दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी सफेदी होत असे. नीळ कोण आणत असे हे मी कधी विचारले नव्हते. निळीची पुडी फडताळात चुन्याच्या डब्यामागे असे, एवढे आठवते.

२७ एप्रिल, बुधवार.

रंजनाचे पत्र आले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती दरवर्षी धुळ्यास माहेरी येते. यंदा यावे की नाही, असे तिने विचारले आहे. पुढे लिहिले आहे, "नाना, यंदा आईचं पहिलं वर्ष आहे. सगळं करायला लागेल. मी येऊन करीन. तुम्ही फक्त घर उघडा."

कामाची निकड आहे, घर दीड महिना बंद असल्याने राहण्यास योग्य नाही, तेव्हा तिने नाशिकलाच सण साजरा करावा, असे उत्तर कार्डावर लिहून टाकले. पुन्हा वाचले तेव्हा पत्र कोरडे वाटले. काय घालावे ते सुचले नाही. तसेच टपालात टाकले.

अक्षय तृतीया १३ मे रोजी आहे. त्या दिवशी मजूर येणार नाहीत. समितीची बैठक त्यामुळे १२ तारखेस ठेवली आहे.

४ मे, बुधवार.

आज बाहेर छायेत चव्वेचाळीस अंश. कक्षात छत्तीस. हे पुरेसे नाही. हवा आत येण्यापूर्वी तिला ओलावा मिळाला पाहिजे. वाळ्याचे पडदे भिजवण्यास मनुष्य लागतो आणि सुटीच्या दिवशी तो नसतो. म्हणून खिडक्यांच्या कोनाड्यांत पाण्याने भरलेले मातीचे मोठे घडे ठेवण्याचे ठरवले. पाणी पाझरून बाहेर येते, वाळते आणि वाळताना उष्णता घेते. नवा घडा पाझरू लागण्यास मात्र वेळ लागतो. तो लगेच ओला झाला नाही म्हणून निकामी समजू नये.

कुंभारवाड्यात गेलो. लोटन नावाचा वृद्ध कुंभार भेटला. त्याने चपट्या झाकण्या दाखवल्या. मला त्या पसंत पडल्या नाहीत. डासांसाठी तोंड झाकणे आवश्यक आहेच, पण प्रत्येक मोठ्या घड्यावर एक लहान मडके बसवावे असे मला वाटले. त्यातही पाणी राहील. शिवाय मोठ्यावर लहान ही आकृती डोळ्यांना योग्य वाटते. ती कोठे पाहिली ते आठवत नाही.

"बठ्ठा जोडीना?" सगळेच जोडीचे का, असे त्याने विचारले. "बठ्ठा मोठा अन् वर न्हाना?"

होय म्हणालो.  नंतर हात पुसून त्याने माझ्या खांद्यावर ठेवला. "धीर धरा, आबा. देव बळ देई." घासाघीस केली नाही. मोठी मागणी पूर्ण करण्याविषयी त्याच्या मनात शंका असावी असे मला वाटले. परंतु धीर मी का धरावा हे स्पष्ट झाले नाही.

११ मे, बुधवार.

आज काम थांबले. कारण लिहून ठेवणे आवश्यक आहे.

सकाळी घडे आले. सर्व खिडक्यांतून मी स्वतः मांडून घेतले, प्रत्येकावर लहान मडके. मांडणी नीटस दिसली. उद्याच्या बैठकीपूर्वी ते पाझरू लागावेत म्हणून आजच भरणे जरूर होते. केसरबाई बायकांसह पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली. मागच्या बायका तिच्यावर आदळल्या. कोणी आत येईना.

"आबा," ती म्हणाली. एरवी ती मला साहेब म्हणते. "ह्या डेरगा कोना शेतस?"

"पाण्याचे घडे आहेत. हवा थंड करण्यासाठी."

"पानीना बठ्ठाच ऱ्हातस. नाव कोनं?"

मी बाष्पीभवन समजावून सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि खिडक्यांवरून नजर फिरवली. "एवढा मानसं वारनात का तुमना इद्यापीठमा? आजून ते इमारत बी पुरी व्हयनी नही!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. तेवढ्यात सोनवणे आले. आत पाहून तेही दचकले, मग भिंतीला हात टेकून हसू लागले.

"सर, तुम्ही खानदेशचेच ना? परवा आखाजी. घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्याच्या नावाने पहिल्या आखाजीला डेरगं मांडतात. मोठा घडा, वर लहान मडकं. तुम्ही तर अख्खं गाव मांडलंय!"

हे मला माहीत नव्हते असे नाही. पूर्वजांची घागर आमच्याकडे दरवर्षी भरली जात असे. परंतु मांडणे, भरणे, वर काय ठेवायचे ते पाहणे हे सर्व रंजनाची आई करी. मला पाटावर बसण्यास बोलावले जाई. मी बसे, आणि वर्तमानपत्राकडे परत जाई. वडील वारले त्या वर्षी आखाजीला मी पुण्यास परीक्षेसाठी होतो. पाठ फिरवून बसलेल्या माणसाला जेवढे दिसते तेवढेच मला ठाऊक आहे. मोठ्यावर लहान ही आकृती मी तेथेच पाहिली असणार.

उद्या बैठक आहे, घडे भरलेच पाहिजेत, असे मी केसरबाईला सांगितले.

"बिननावनं डेरगं आम्ही नही भरत," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "कोन येई पेवाले, काय सांगता येस?"

तिचे म्हणणे असे की, डेरगं भरताना गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे लागते. नावावाचून मांडले तर कोणीही येऊन पाणी पिईल. हा समज शास्त्रीय नाही, परंतु पाणी त्यांच्या हातात होते. सोनवणे यांनी मार्ग काढला. वरची लहान मडकी उतरवावीत आणि लोटनकडून चपट्या झाकण्या आणाव्यात, म्हणजे ते नुसते माठ होतील. मी संमती दिली. बायकांनी मडकी उतरवली आणि भराभर पाणी ओतले. अडचण संपली असे वाटले.

पूर्वेच्या खिडकीशी केसरबाई थांबली. तेथील लहान मडके तिने उतरवले नाही.

"आबा, तुमनी बाई वारनी ना?"

हे तिला कोणी सांगितले ठाऊक नाही. होय म्हणालो. कार्तिकात.

"मंग तिनं डेरगं कोन मांडी?"

घर बंद असल्याचे मी सांगितले.

"घर बंद शे म्हनीसन ती काय तिसी ऱ्हाई का?"

तीस म्हणजे इकडे तहान. सोनवणे खिडकीबाहेर पाहू लागले.   केसरबाईने तो घडा न भरता, वरच्या मडक्यासह ओट्यावर ठेवला आणि पदराने त्यावरील धूळ पुसली. "हाई तुमनं," ती म्हणाली. "आठे भरू नका. घरमाच भरतस."

जाण्यापूर्वी सोनवणे यांच्या कार्यालयातून नाशिकला ट्रंककॉल लावला. जावयांनी उचलला, मग रंजना आली. घर शुक्रवारी उघडेन, एवढेच सांगितले.  लाइन तुटली असे समजून मी दोनदा हॅलो म्हटले.

१२ मे, गुरुवार.

बैठक झाली. बाहेर लूच्या झळा होत्या. सदस्य रुमाल बांधून आले. आत येताच लेखा विभागाच्या सदस्यांनी कूलर कोठे आहे असे विचारले. तापमापक तेहेतीस दाखवीत होता. सोनवणे यांनी तो तीनदा ठोकून पाहिला. अध्यक्षांनी एक माठ हाताने चाचपला आणि ओला तळवा मानेला लावला. कूलरविषयी त्यानंतर कोणी बोलले नाही.

विषयपत्रिका लांबत गेली, तरी कोणी उठले नाही. पऱ्हाटीच्या छताला वाळवी लागेल का, माठ रोज कोण भरील, हे प्रश्न रास्त होते. चुना आणि कडुनिंबाचा काढा दरवर्षी द्यावा लागेल. माठ भरण्याचे काम शिपायाच्या कामात लिहून द्यावे लागेल. कायमचे आणि आपोआप चालणारे असे मी काही बांधलेले नाही, हे मी सांगितले. पाहावे लागेल.

अध्यक्ष पूर्वेच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी फाइल शेजारच्या घड्याला टेकवून ठेवली होती. "बोरसे सर, हा एकच कोरडा कसा? आणि यावर मडकं?"

सोनवणे पुढे होऊन काही सांगू लागले. मी त्यांना थांबवले.

"तो माझ्या घरचा आहे," मी म्हणालो. "उद्या धुळ्यास न्यायचा आहे."

अध्यक्ष चोपड्याकडचे आहेत. त्यांनी घड्याकडे पाहिले, फाइल उचलून मांडीवर घेतली आणि ओट्यावर थोडे सरकून बसले, शेजारी बसलेल्या कोणाला जागा द्यावी तसे. 

ठराव मंजूर झाला. वाचनकक्ष माझ्या पद्धतीने होईल. संगणकाची खोली मात्र वातानुकूलित राहील. तेथे माझा आग्रह नव्हता. सोनवणे यांनी पेढे आणले. मी एक घेतला. आनंद व्हावयास हवा होता. तो कोठेतरी आहे, परंतु हाताला लागत नाही.

१३ मे, शुक्रवार. अक्षय तृतीया. धुळे.

सकाळच्या गाडीने निघालो. घडा मांडीवर, लहान मडके गमछ्यात. वाहकाने सामानाचे तिकीट लागेल असे सांगितले, मग नीट पाहिले आणि पुढचे आसन रिकामे करून दिले. "नाना, हादरे कमी बसतील इथं." पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्याने खिडकीतून एक खरबूज आत दिले. पैसे घेतले नाहीत. "लागेल ना वर ठेवायला," एवढेच म्हणाला.

रंजना आधीच पोहोचली होती. पायरीवर बसली होती, सांजोऱ्यांचा डबा शेजारी. माझ्या हातांतून घडा तिने घेतला नाही. फक्त किल्लीसाठी हात पुढे केला. कुलूप धुळीने घट्ट झाले होते. आत धूळ आणि बंद हवेचा वास होता. तरीही घर बाहेरच्यापेक्षा गार होते. भिंतींवर गेल्या उन्हाळ्यातील सफेदी होती. मी भिंतीजवळ जाऊन पाहिली. किंचित निळसर.

"नाना, कुठे मांडायचं? देवाजवळ?" आणि मग तिनेच म्हटले, "खिडकीत मांडू या. आई इथेच बसायची ना, दाळ निवडत."

पूर्वेची खिडकी. तिच्याखालचा ओटा. मी टेप काढला नाही. रुंदी मला ठाऊक होती.

काही वेळ मी तेथे उभा राहिलो. रंजनाने झाडून घेतले, गहू पसरले, घडा ठेवला, त्याच्या गळ्यात दोरा बांधला. नंतर पाट मांडला. मी बसलो. या वेळी तोंड घड्याकडे होते.

"नाव घ्या, नाना, आणि पाणी ओता."

तांब्या उचलला. आमच्या पिढीत नवऱ्याने बायकोचे नाव घेण्याची रीत नव्हती. मी तिला हाक मारीत असे ती नुसती "ऐकलंस का" अशी. इतरांपाशी मुलीच्या नावाने तिचा उल्लेख करीत असे. या वहीतही तसाच केला आहे.

"रंजनाची आई," मी म्हणालो.

"ते नाव नाही, नाना," रंजना हळूच म्हणाली. "माझं नाव ते. तिला कळायला हवं, तिच्यासाठी आहे म्हणून."

केसरबाईचा शब्द आठवला. तिसी. तांब्या जड झाला होता. खिडकीतून गरम झुळूक आली आणि दोऱ्याचे टोक हलले.

"मनकर्णा," मी म्हणालो.

आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. पाणी ओतले. घडा भरण्यास वेळ लागला. मी पुन्हा एकदा म्हणालो, आणि तांब्या रिकामा झाल्यावरही एकदा. रंजनाने वर लहान मडके ठेवले, त्यावर वाहकाने दिलेले खरबूज, दोन आंबे, सांजोरी. नंतर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दुपारी मी ओट्यावर बसलो, एक पाय दुमडून. शेजारी घडा मावतो. घड्याला हात लावून पाहिला. कोरडा होता.

सायंकाळी पुन्हा लावला. बोटे ओली झाली.